थाप एकच मारायची!

आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. एकात संगणकाची पुस्तकं, दुसऱ्यात विज्ञानकथा. शेजारचे काका रोज संध्याकाळी येतात. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. एकदा या दोन कपाटांकडे आळीपाळीनं बघत ते म्हणाले, ''काय रे, दिवसभर तू प्रोग्राम लिहितोस. पतसंस्थेच्या खात्यात दहा पैशांचा फरक आला तर रात्रभर जागतोस. आणि झोपताना हे यक्ष नि परग्रह वाचतोस! एकदा काय ते सांग, तुला खऱ्याची आवड की खोट्याची?''

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. कारण या दोन कपाटांच्या मध्ये माझं तिसरंही एक काम चालतं. मी मराठीतून प्रोग्रामिंग शिकवणारं एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. ते लिहिताना मला जे उमगलं, ते पहिल्या कपाटापेक्षा दुसऱ्या कपाटानं जास्त शिकवलं. कसं, ते आज सांगतो.

मी चिपळूणचा. शाळेत असताना वाचनालयातून पहिल्यांदा जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' घरी आणलं. १९७९ साली प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक माझ्या हातात आलं तेव्हा त्याची पानं पिवळी पडू लागली होती. नारळीकर कथालेखक कसे झाले, तीही एक गोष्टच आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे दुसरे कोणी नव्हते, स्वतः जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. केंब्रिजहून आलेला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणून बक्षीस मिळायला नको, कथा म्हणून मिळालं तर मिळावं, हा हेतू.

हेच नारळीकर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी विश्वरचनाशास्त्राची जाडजूड पाठ्यपुस्तकंही लिहीत होते. एकाच हातानं समीकरणं आणि त्याच हातानं गोष्टी. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मला वाटलं की काकांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा माणूस गेला. आता ते आपणच शोधायला हवं.

पहिली गोष्ट ही, की विज्ञानकथा म्हणजे वाटेल ते नव्हे. एच. जी. वेल्स हा या प्रकारातला आद्य लेखकांपैकी एक. त्याचं सांगणं असं, की एका कथेत अशक्य गोष्ट एकच असावी. तेवढी वाचकाच्या गळी उतरवावी आणि मग बाकी सगळं जसंच्या तसं, आपल्या रोजच्या जगासारखं चालू द्यावं. काहीही घडू शकतं असं म्हटलं, की मग कशातच गंमत उरत नाही. आमच्या कोकणी भाषेत सांगायचं, तर थाप एकच मारायची. पण त्या थापेचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत चुकता करायचा.

नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आठवा. थाप एकच. समजा, एखादी वस्तू अशा काही वाटेनं फिरून आली की तिची आरशातल्या प्रतिमेसारखी डाव्याउजव्याची अदलाबदल झाली. एवढं मान्य केलं, की पुढचं सगळं तर्कानं येतं. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होणार. माणूस त्या वाटेनं गेला तर उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होणार. क्रिकेट आणि गणपती, दोन्ही आपल्या घरातले विषय. म्हणून ती एक थाप पचते.

आणि कित्येकदा जिला आपण थाप समजतो ती थाप नसतेच. कृष्णविवराजवळ घड्याळ हळू चालतं, हे वाचून शाळेत मला ती निव्वळ कल्पना वाटली होती. पण गुरुत्वाकर्षण जिथं जास्त तिथं काळ हळू, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार खरंच आहे. आज तुमच्या मोबाइलमधला नकाशा तुम्हाला परशुराम घाटातलं वळण दाखवतो, तो वर फिरणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांच्या भरवशावर. तिथं गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं ती घड्याळं जलद चालतात आणि उपग्रहाच्या वेगामुळे थोडी हळूही होतात. सगळा जमाखर्च केला तर दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं जातात. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ३८. एवढ्यानं काय बिघडतं? ही चूक सुधारली नाही तर दिवसभरात सुमारे दहा किलोमीटरचा घोळ होईल! परशुरामाच्या घाटात असताना नकाशा तुम्हाला भलतीकडेच उभं करील.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या कथेकडे येतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच जगात जाऊन पडतात. त्या जगात १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. इथंही थाप एकच, असं दुसरं जग आहे. पण प्रोग्रामर म्हणून मला भुरळ पडली ती पुढच्या भागाची. गंगाधरपंत गोंधळून जातात, पण रडत बसत नाहीत. ते मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिले चार तपासतात. फरक नाही. म्हणजे वाट बदलली ती पाचव्या खंडात. मग तो खंड पुढून आणि मागून असा दोन्ही टोकांकडून आत आत वाचत येतात आणि नेमक्या त्या क्षणापाशी पोचतात. विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांना चाटून गेलेली असते.

प्रोग्राममधली चूक शोधतात ती अशीच. हजार ओळींच्या प्रोग्राममध्ये एका ठिकाणी हिशेब चुकू लागला आहे. एकेक ओळ वाचत बसलात तर दिवस जाईल. म्हणून मधोमध, पाचशेव्या ओळीला थांबून बघायचं. इथवर आकडा बरोबर आहे? मग चूक पुढच्या पाचशेत. तिथल्या मधोमध बघायचं. दर वेळी निम्मं निम्मं बाद करत गेलं की फार तर दहा वेळा बघून हजारांतली ती ओळ सापडते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो तेव्हा संगणकापासून सुरुवात करत नाही. गंगाधरपंतांपासून करतो.

परदेशात या दोन्ही कपाटांत सारख्याच सहजतेनं वावरलेला लेखक म्हणजे आयझॅक असिमॉव्ह. यंत्रमानवांच्या कथांसाठी आपण त्याला ओळखतो. पण तो जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि १९५२ साली त्यानं दोन सहकाऱ्यांबरोबर जीवरसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तकही लिहिलं होतं. त्याचा एक किस्सा फार मजेदार आहे. डॉक्टरेटचा प्रबंध लिहिण्याआधी सरावासाठी म्हणून त्यानं एक खोटा शोधनिबंध लिहिला. विषय, थायोटिमोलिन नावाचा पदार्थ. हा पदार्थ पाण्यात विरघळतो, पण पाणी घालायच्या आधीच! एवढी एकच थाप. बाकी सगळं अस्सल शोधनिबंधासारखं. आकडे, आलेख, कोष्टकं, संदर्भ, काही कमी नाही. १९४८ च्या मार्चमध्ये ते एका विज्ञानकथा मासिकात छापून आलं आणि थोड्याच दिवसांत त्याची तोंडी परीक्षा झाली. शेवटी एका परीक्षकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ''मिस्टर असिमॉव्ह, थायोटिमोलिनच्या गुणधर्मांविषयी काही सांगाल का?'' असिमॉव्हला हसू आवरेना. परीक्षक चेष्टा करताहेत म्हणजे आपण उत्तीर्ण झालो, हे त्याला कळून चुकलं.

यातला धडा माझ्या उपयोगाचा आहे. खोटा निबंध खरा वाटला तो त्याच्या शिस्तीमुळे. मग खरं पुस्तक शिस्तीनं लिहिलं नाही तर ते खोटं वाटणारच! हे मला कळलं, पण ठेच लागल्यावर.

तंत्रविषयक पुस्तकांत आदर्श म्हणावं असं एक छोटं पुस्तक ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी 'सी' या संगणकभाषेवर १९७८ साली लिहिलं. त्यातला पहिला प्रोग्राम पडद्यावर फक्त दोन शब्द उमटवतो, 'हॅलो, वर्ल्ड'. मुलांना वाटतं, एवढंच? पण त्या दोन शब्दांसाठी प्रोग्राम टाइप करावा लागतो, फाइलमध्ये ठेवावा लागतो, यंत्राच्या भाषेत आणावा लागतो, चालवावा लागतो आणि उत्तर कुठं दिसतं ते शोधावं लागतं. ते दोन शब्द दिसले म्हणजे सगळ्या पायऱ्या शाबूत आहेत. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी त्याच भाषेवर 'लेट अस सी' लिहिलं. समोर बसून शिकवावं तशा सोप्या इंग्रजीतलं ते पुस्तक भारतभरच्या विद्यार्थ्यांनी वाचलं. मीही त्यावरच शिकलो. अच्युत गोडबोले यांनी इंग्रजीत संगणकाची पाठ्यपुस्तकं लिहिली आणि मराठी वाचकांसाठी 'संगणकयुग'सारखी पुस्तकंही लिहिली. या मंडळींचं बघून मला वाटलं, आपल्या भागातल्या मुलांसाठी थेट मराठीतून प्रोग्रामिंग का शिकवू नये?

पहिली अडचण शब्दांची. 'व्हेरिएबल'ला परिभाषेत 'चल' म्हणतात. शब्द वाईट नाही, पण चल म्हटल्यावर वर्गातली मुलं उठून उभी राहतील! मी व्हेरिएबल हाच शब्द ठेवला आणि समजावलं असं, की स्वयंपाकघरातला नाव लिहिलेला डबा. नाव तेच, आतला जिन्नस बदलतो. 'लूप' म्हणजे आरतीनंतरचा प्रसाद. समोर हात आहेत तोवर प्रत्येक हातावर ठेवत जायचं, हात संपले की थांबायचं. शब्दांची ही वाटही कथांकडून येते, हे विसरू नका. 'रोबो' हा शब्द आला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून. मूळ शब्दाचा अर्थ वेठबिगारी. एका संगणकावरून दुसऱ्यावर सरपटत जाणाऱ्या प्रोग्रामला 'वर्म', म्हणजे किडा, म्हणतात. ते नाव दोन संशोधकांनी १९८२ साली आपल्या निबंधात वापरलं आणि घेतलं होतं जॉन ब्रनर याच्या १९७५ मधल्या कादंबरीतून.

पुस्तक छापून झालं. मी खुशीत होतो. काही महिन्यांनी गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातून फोन आला. बारावी झालेली मुलगी. घरात भावाचा जुना संगणक. म्हणाली, ''सर, दोन दिवस झाले, पहिलाच प्रोग्राम चालत नाही. फाइल सापडत नाही असं म्हणतंय. फाइल तर मला समोर दिसतेय. मला हे जमण्यातलं नाही, असं वाटतं.''

मी तिला एकेक पायरी विचारत गेलो. अर्ध्या तासानं उलगडा झाला. पुस्तकात मी लिहिलं होतं, 'नोटपॅडमध्ये टाइप करून फाइल सेव्ह करा.' तिनं फाइलला नाव दिलं 'पहिला डॉट सी'. पण नोटपॅड आपणहून त्यापुढं आणखी एक शेपूट जोडतं. फाइलचं खरं नाव झालं होतं 'पहिला डॉट सी डॉट टीएक्सटी'. आणि विंडोज ते शेपूट दाखवत नाही, लपवतं. म्हणून तिला दिसत होतं एक आणि यंत्राला दिसत होतं दुसरं. सेव्ह करताना खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडा, एवढं एक वाक्य माझ्या पुस्तकात नव्हतं. मला ते इतकं सवयीचं होतं, की ती पायरी आहे हेच माझ्या लक्षात आलं नाही.

प्रोग्राम चालला. ती आनंदली. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. चूक माझी होती आणि दोन दिवस ती स्वतःला दोष देत होती. पुण्यामुंबईच्या मुलाला शेजारी विचारायला कोणीतरी असतं. खेड्यातल्या मुलीजवळ फक्त पुस्तक असतं. त्यातली एक पायरी निखळली, तर ती पुस्तक चुकलं असं म्हणत नाही. आपल्यालाच अक्कल नाही असं म्हणते आणि संगणक बंद करते. असे किती संगणक माझ्यामुळे बंद झाले असतील? सगळेच काही फोन करत नाहीत.

विज्ञानकथेत एखादी पायरी सुटली तर वाचक 'हॅ, असं कुठं असतं का!' म्हणून पुस्तक मिटतो. नुकसान लेखकाचं. तंत्राच्या पुस्तकात पायरी सुटली तर नुकसान वाचकाचं. एवढाच काय तो दोघांत फरक.

त्यानंतर मी माझ्या प्रतीत चुका टिपत गेलो. मुलांचे प्रश्न, त्या मुलीनं पाठवलेल्या शंका, सगळं समासात पेन्सिलीनं. दुसरी आवृत्ती जवळजवळ तयार झाली आणि २२ जुलै २०२१ ची पहाट उजाडली. चिपळूणकरांना त्या दिवसाविषयी मी वेगळं काय सांगू? वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, पण या वेळी पाणी त्याच्याही वर चढलं. माझं टेबल तळमजल्यावर. माणसं आणि दोन पिशव्या वर नेईपर्यंत खालचं सगळं गेलं. लॅपटॉप, त्याची नक्कल ठेवलेली डिस्क, आणि समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली ती प्रत. नक्कल मूळ वस्तूशेजारी ठेवायची नसते, हे दुसऱ्यांना शिकवणारा मी, आणि मीच ती त्याच टेबलाच्या खणात ठेवली होती!

पाणी ओसरल्यावर सगळीकडे चिखल. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. याच संस्थेनं जानेवारी २०१३ मध्ये चिपळुणात ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं. तिथली हजारो पुस्तकं भिजली. भिजलेलं पुस्तक हातात घेतलंय कधी? पानं एकमेकांना अशी चिकटतात की वीट हातात धरल्यासारखं वाटतं. ते सगळं बघितल्यावर माझ्या एका हस्तलिखिताचं दुःख मोठ्यानं सांगायची लाज वाटली. मी ते काम सोडून दिलं.

चार महिन्यांनी त्या मुलीचा पुन्हा फोन. आता ती तालुक्याला एका संगणक वर्गात शिकवत होती. म्हणाली, ''सर, तुमच्या शंकांच्या वहीतल्या पहिल्या धड्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. पाठवू का?'' वेगळ्या जगातून परत आलेल्या गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान राहिलेलं असतं. मला त्याची आठवण झाली. मी म्हटलं, ''पाठवू नको, घेऊनच ये.''

दुसरी आवृत्ती आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिली. पद्धत साधी. मी वाक्य वाचायचं आणि तिनं संगणकावर फक्त तेवढंच करायचं, मनानं काही करायचं नाही. जिथं ती अडायची तिथं पुस्तकात एक वाक्य वाढायचं. पहिल्या धड्यात अशी सतरा वाक्यं वाढली. पंधरा वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाच्या पुस्तकात सतरा पायऱ्या नव्हत्या!

आता मला विचारतात, आज यंत्रच प्रोग्राम लिहून देतं, मग असली पुस्तकं हवीत कशाला? याचंही उत्तर मी दुसऱ्या कपाटात शोधतो. असिमॉव्हची १९५८ सालची एक कथा आहे. भविष्यातली माणसं हिशेबासाठी यंत्रांवर इतकी विसंबली आहेत, की गुणाकार विसरून गेली आहेत. एक सामान्य तंत्रज्ञ कागदावर पेन्सिलीनं गुणाकार करून दाखवतो आणि मोठमोठे अधिकारी थक्क होतात. मीही आज त्या यंत्रांची मदत घेतो. ती झटपट लिहितात आणि पुष्कळदा बरोबर लिहितात. पण मधेच एखादी पायरी गाळतात किंवा नसलेली रचतात, तीही माझ्याइतक्याच आत्मविश्वासानं. ती चूक पकडणार कोण? ज्यानं एकदा तरी सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढल्यात, तोच.

तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की मला आवड आहे ती पायरीची. गोष्टीत पहिली पायरी कल्पनेची असते, माझ्या कामात ती खऱ्याची असते. पुढच्या पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. जाताना नारळीकरांच्या कथांचं पुस्तक मात्र काखोटीला मारून घेऊन गेले. आठवड्यानं परत आले, खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, ''बाकी सगळं ठीक आहे रे. पण त्या जगातलं पान या जगातल्या खिशात आलंच कसं? ते जरा नीट समजावून सांग.''

मी चहा टाकायला सांगितलं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)